उपदेश ऐकायचा कसा: शनिवार रात्रीपासून बुधवारपर्यंत

रविवारी भक्ती सुटल्यावर चर्चच्या आवारातल्या कडुनिंबाखाली उभे राहा आणि कोणालाही विचारून पाहा, "आज पास्टरनं काय सांगितलं?"

"लय मस्त सांगितलं."

"मस्त म्हंजे काय?"

"थे... विश्वासावर होतं. मस्तच होतं."

हे उत्तर देणारा माणूस झोपलेला नसतो. तो पाऊण तास समोर बघत बसलेला असतो, दोन-तीनदा 'आमेन'ही म्हणालेला असतो. तरी हातात काही उरत नाही. याचे मूळ आपल्या बोलण्यातच आहे. आपण म्हणतो, "आराधना झाली, आता संदेश." म्हणजे गाणी, टाळ्या, प्रार्थना ही आपली भक्ती आणि संदेश हे पास्टरचे काम. आपण फक्त बसायचे. पण त्या पाऊण तासात ऐकणाराही देवापुढे काही ठेवत असतो, ते म्हणजे त्याचे लक्ष. दानपेटीत फाटकी नोट टाकायला आपण लाजतो. फाटके लक्ष मात्र दर रविवारी टाकतो.

बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात पेरणाऱ्याचा दाखला सांगून झाल्यावर प्रभू येशू बजावतो की तुम्ही कसे ऐकता याविषयी जपा. 'काय' ऐकता असे तिथे म्हटलेले नाही. हा 'कसे' शिकता येतो. पुढचा क्रम मी संडे स्कूलच्या मोठ्या पोरांना शिकवतो, पण खरी गरज त्यांच्या आईबापांना आहे.

१. शनिवारी: शास्त्रभाग आणि झोप

रविवारी कोणता भाग वाचला जाणार हे आधी माहीत करून घ्या. कॅथलिक मंडळींना हे सोपे आहे. रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्रात ठरलेली असतात: एका वर्षी मुख्यतः मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक, योहान जास्त करून पुनरुत्थान काळात येतो. मिस्साची दिनदर्शिका घरात असेल तर काम झाले. काही प्रोटेस्टंट मंडळ्यांतही वार्षिक वाचनक्रम असतो. जिथे पास्टर स्वतः भाग निवडतात, तिथे शुक्रवारी-शनिवारी एक फोन करा. पास्टरकडे तीन-तीन, चार-चार गावे असतात, मोटरसायकलवरच त्यांचा अर्धा दिवस जातो, तरी "रविवारी कोणता अध्याय आहे?" असे कोणी विचारले की त्यांना बरेच वाटते. फोन करणे जमत नसेल तर गेल्या रविवारच्या पुढचा भाग वाचून ठेवा.

वाचायचे मोठ्याने आणि दोनदा. घरात वाचता न येणारी आजी असेल तर नातवाला वाचायला लावा. दोघांचीही तयारी होते. वाचताना फक्त तीन प्रश्न: कोण बोलतो आहे, कोणाला बोलतो आहे, कशावरून बोलतो आहे? अर्थ लावायच्या भानगडीत शनिवारी पडू नका.

आता झोपेचे. यावर कोणी बोलत नाही आणि आमच्याकडे निम्मा घोळ इथेच होतो. रब्बीत कृषिपंपाची लाईन रात्रीची असली की गहू-हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस रात्रभर वावरात असतो. नाहीतर रोही (नीलगायी) आणि रानडुकरांसाठी जागल असते. पहाटे येऊन आंघोळ करून तो चर्चमध्ये बसतो, आणि पास्टरने "आपण आपली पवित्र शास्त्रे उघडू या" म्हणायचा अवकाश, मान खाली. अशा माणसाला मी दोष देत नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायातला युतुखही असाच खिडकीत बसल्या बसल्या झोपला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. प्रेषित पौलाचा उपदेश मध्यरात्रीपर्यंत चालला होता. लोकांनी त्याला मेलेला म्हणून उचलले, पौलाने खाली जाऊन त्याला कवेत घेतले आणि पोरगा वाचला. पौलाने त्याला रागावल्याचे कुठेही लिहिलेले नाही.

पण सोय करता येते. शनिवारच्या रात्रीची पाळी भावाशी किंवा शेजाऱ्याशी बदलून घ्या. ते जमत नसेल तर पहाटे घरी आल्यावर तासभर तरी आडवे व्हा, मग चर्चला निघा.

इशारा: शनिवारी कोणाशी भांडण झाले असेल तर ते तसेच घेऊन रविवारी बसू नका. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात तर अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितले आहे. भांडण डोक्यात असताना उपदेशातले प्रत्येक वाक्य त्या माणसाला कसे लागू पडते, एवढेच ऐकू येते.

२. रविवारी सकाळी: जागा

जागा निवडणे हा तयारीचाच भाग आहे. दाराजवळची जागा हवेशीर असते, पण तिथून रस्ता दिसतो, येणारा-जाणारा दिसतो, एसटी आली की कोण उतरले तेही दिसते. मे महिन्यात कूलरजवळ बसाल तर गार वाटेल, पण ऐकू येईल फक्त कूलर. टिनाचे छत असेल तर पावसाळ्यात पुढच्या तीन ओळींच्या मागे काही पोहोचत नाही. तेव्हा आधी या आणि पुढे बसा. "पुढं मोठी माणसं बसतात" हा संकोच सोडा. सतरंजीवर कोणाचे नाव लिहिलेले नसते.

लहान लेकरू असलेल्या बाईने कडेला बसावे, म्हणजे उठावे लागले तर अवघडल्यासारखे होत नाही. आणि नवऱ्याने अर्धा वेळ लेकरू सांभाळावे. हे मी मुद्दाम लिहितो आहे. आमच्याकडे बाया तीस-तीस वर्षे चर्चमध्ये येतात आणि त्यातली दहा वर्षे व्हरांड्यात लेकरू खेळवण्यात जातात. तीच गत स्वयंपाकाची. प्रीतिभोजन असले की उपदेशाच्या वेळी चार-पाच जणी चुलीपाशी असतात. मरीया येशूपाशी ऐकत बसली आणि मार्था कामात अडकली, ही गोष्ट वाचायची आणि मार्थांना भातापाशी ठेवायचे, हे बरे नाही. भात उपदेशानंतर टाका. जेवण अर्ध्या तासाने उशिरा झाले तर कोणी उपाशी मरत नाही.

मोबाईलवर बायबल वाचत असाल तर आधी एअरप्लेन मोड लावा. नुसता सायलेंट ठेवून भागत नाही. वचन शोधता शोधता वर व्हॉट्सअॅपची पट्टी दिसते आणि बोट तिकडे जाते.

तपासा: वही, पेन, बायबल जवळ आहे का? चष्मा? लेकराचे पाणी? एकदा उपदेश सुरू झाला की उठायचे नाही, हे मनाशी ठरवले का?

३. वाचन चालू असताना

सगळ्यात जास्त लक्ष इथेच सुटते. शास्त्रवाचन म्हणजे उपदेशाआधीची औपचारिकता असे समजून लोक तेवढ्यात चष्मा पुसतात, अर्पणाचे सुटे काढतात. खरे म्हणजे उपदेशातले काही चुकले तरी वाचन चुकत नाही. नहेम्याच्या आठव्या अध्यायात शास्त्री एज्रा पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो, लोक उभे राहून ऐकतात आणि मंदिराची सेवा करणारे लेवी त्यांना अर्थ समजावून सांगतात. तिथेही आधी वाचन आहे, मग अर्थ.

पुस्तक सापडायला वेळ लागत असेल तर लाजू नका, पण कायमचा इलाज करा. प्रोटेस्टंट बायबलात ३९ आणि २७ मिळून ६६ पुस्तके आहेत, कॅथलिक बायबलात ७३. त्यांचा क्रम पाठ करायला पोरांना दोन महिने लागतात, मोठ्यांना चार. तोवर बायबल साधारण मध्यावर उघडा, स्तोत्रे सापडतील. तिथून मागे-पुढे जा.

तुमच्या हातातले भाषांतर आणि वाचणाऱ्याच्या हातातले भाषांतर वेगळे असू शकते. शब्द जुळले नाहीत तर गोंधळू नका. पुस्तक मिटवून नुसते कान द्या.

४. उपदेश चालू असताना: एक वाक्य शोधा

सगळे लक्षात ठेवायचा प्रयत्न करू नका. सगळे लिहून घ्यायचा तर अजिबात नको. मी सुरुवातीला तीन-तीन पाने लिहायचो. घरी आल्यावर ती कधी उघडली नाहीत, आणि लिहिण्याच्या नादात उपदेशाचा शेवट दर वेळी निसटायचा.

शोधायचे ते एकच वाक्य. या भागातून आज काय सांगितले जात आहे, ते एका वाक्यात. ते ओळखायच्या खुणा आहेत: पास्टर ते दोन-तीनदा म्हणतात, त्याआधी बहुधा 'म्हणून' येते, आणि म्हणताना आवाज अनेकदा खाली येतो. मोठ्याने ओरडून सांगितलेले वाक्य मुख्य असतेच असे नाही.

ज्यांना लिहिता येत नाही, त्यांनी हाताची पाच बोटे वापरावीत. आमच्याकडच्या एका म्हातारीने हे मला शिकवले. अंगठा म्हणजे कोणते पुस्तक, कोणता अध्याय. तर्जनी म्हणजे ते एक वाक्य. मधले बोट म्हणजे सांगितलेली गोष्ट. अनामिका म्हणजे न कळलेले काही. करंगळी म्हणजे करायचे काम. ते करंगळीएवढेच असावे. ऐकता ऐकता एकेक बोट धरायचे. उपदेश संपला आणि करंगळी मोकळीच राहिली, तर ऐकणे अर्धवट झाले असे समजायचे.

लक्ष उडतेच. सोयाबीनचा भाव, पोरीची फी, वावरातली मोटर. उडाल्याचे लक्षात आले की स्वतःला शिव्या देत बसू नका, त्यातच आणखी पाच मिनिटे जातात. उघड्या बायबलातले चालू वचन बोटाने धरा, मनात शमुवेलासारखे "बोल, तुझा दास ऐकत आहे" एवढे म्हणा आणि पुढच्या वाक्यापासून परत ऐका. मधले गेले ते गेले. शेजाऱ्याला "काय म्हणाले?" असे विचारू नका, त्याचेही जाते.

'आमेन' जपून म्हणा. आमेन म्हणजे 'तसेच होवो'. जे ऐकलेच नाही, त्याला होकार कसला?

५. क्रम उलटा करू नका

आधी समजून घ्यायचे, मग स्वतःला लावायचे, आणि दुसऱ्याला लावायचे तर ते सगळ्यात शेवटी, शक्यतो कधीच नाही. आपण नेमके उलटे करतो. उपदेश सुरू होतो न होतो तोच डोक्यात येते, "आज अमका यायला पाहिजे होता."

माझे सांगतो. एका डिसेंबरात याकोबाच्या पाचव्या अध्यायावर उपदेश होता. शेताची कापणी करणाऱ्यांची मजुरी अडकवून ठेवली आहे आणि ती मजुरीच ओरडते आहे, असे तिथे चौथ्या वचनात आहे. माझ्या डोळ्यापुढे लगेच उभा राहिला तो कापसाचा व्यापारी. त्याने काट्यावर माझ्या मालात कट्टी (वजनात कपात) धरली होती आणि चुकाराही, म्हणजे मालाचे पैसेही, पुढे ढकलले होते. मी इतक्या एकाग्रतेने कधी उपदेश ऐकला नव्हता. मनातल्या मनात सगळा अध्याय मी त्याला वाचून दाखवला. भक्ती सुटली, बाहेर आलो, तर चपला घालत असलेली एक बाई हळूच म्हणाली, "भाऊ, वेचाईचे पैसे कई देता?" कापसाचे दोन वेचे झाले होते. तिचे आणि तिच्या जावेचे पैसे मी 'चुकारा आला की देतो' म्हणून ठेवले होते. दोघी माझ्या मागे तीन ओळींवर बसल्या होत्या. त्याही तोच उपदेश ऐकत होत्या.

तेव्हापासून मी वहीत लिहितो: 'हे माझ्याविषयी कुठे खरे आहे?' त्या प्रश्नाचे उत्तर लिहिल्याशिवाय दुसऱ्या कोणाचा विचार करायचा नाही.

समजून घेण्याबद्दलही थोडे. आपल्या अनुभवामुळे शास्त्रभाग जवळचा वाटतो, पण त्यानेच कधी घोळ होतो. पेरणाऱ्याच्या दाखल्यात बी वाटेवर, खडकाळीत, काटेरी झुडपांत पडते. तिफण-सरत्याने ओळीत पेरणारा आमचा शेतकरी मनात म्हणतो, हा कसला अडाणी पेरणारा, वाटेवर बी टाकतो! तिथे बी हाताने फोकून पेरायचे, हे कळले की अडचण सुटते. असा प्रश्न पडला तर तो अनामिकेवर ठेवा, नंतर विचारा. मनात कुढत बसलात तर पुढचा उपदेश जातो.

६. पारख: वचन कोणते, मत कोणते

उपदेशात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात: शास्त्रात काय आहे, ते समजावण्यासाठी सांगितलेली गोष्ट, आणि पास्टरचे स्वतःचे मत. घरी नेमकी गोष्टच लक्षात राहते. म्हणून मधल्या बोटावर गोष्ट धरली असेल तर स्वतःला विचारा, ही कशासाठी सांगितली होती? सांगता येत नसेल तर ती गोष्ट सोडून द्या.

बिरुया गावातल्या लोकांनी पौलाचे बोलणे उत्सुकतेने ऐकले आणि ते तसेच आहे का, हे रोज शास्त्रात शोधून पाहिले. प्रेषितांच्या कृत्यांत त्याबद्दल त्यांचे कौतुकच आहे. पारख करणे म्हणजे पास्टरचा अपमान नव्हे. फक्त वेळ आणि जागा पाळा. आवारात, चार लोकांपुढे, "साहेब, तुमचं ते चुकलं" असे नको. मंगळवारी-बुधवारी भेटा, बायबल सोबत न्या आणि "हे मला कळलं नाही" इथून सुरुवात करा.

इशारा: कोणी उपदेशातून "अमुक इतके अर्पण द्या, पीक दुप्पट येईल" म्हणाले, किंवा "विश्वास असेल तर गोळ्या बंद करा" म्हणाले, तर तिथे थांबा. बीपी, शुगर, मिरगी, टीबी यांची औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाहीत. प्रार्थनाही करा, गोळीही घ्या.

आणि उपदेश खरोखरच कंटाळवाणा असेल तर? असतो कधी कधी. पास्टर चौथ्या गावाहून आलेले असतात, घसा बसलेला असतो, तयारी झालेली नसते. तेव्हा वाचलेला शास्त्रभाग उघडा ठेवून त्यातूनच ते एक वाक्य शोधा. यहेज्केलच्या तेहतिसाव्या अध्यायात याच्या उलटा दोष सांगितला आहे: लोकांना संदेष्ट्याचे बोलणे गोड गळ्याच्या गाण्यासारखे आवडते, ते ऐकतात आणि करत मात्र काही नाहीत. मला तरी रंगलेल्या उपदेशाचीच जास्त भीती वाटते.

७. सुटल्यावरची दहा मिनिटे

आशीर्वाद झाल्याबरोबर उठू नका. एक मिनिट बसा, करंगळी धरा, काम ठरवा. मग उठा. बाहेर बोलणे सुरू झाले की पहिला विषय असतो पाऊस, दुसरा लग्न, तिसरा इलेक्शन. तोवर उपदेश पुसला जातो. गप्पा माराच, पण वहीत चार ओळी लिहून मग मारा: तारीख, शास्त्रभाग, एक वाक्य, एक काम.

दुपारच्या जेवणाला घरात प्रत्येकाने आपापले वाक्य सांगावे. लेकरांपासून सुरुवात करा. मोठ्यांनी आधी सांगितले की लेकरे तेच म्हणतात. त्यांचे चुकले तरी हसू नका, "कोणत्या वचनात आहे बरं?" एवढेच विचारा. आमच्या घरी बाईंचे वाक्य माझ्यापेक्षा बरे निघते, हे मी आता मान्य केले आहे.

८. सोमवार ते बुधवार

याकोबाच्या पहिल्या अध्यायात, नुसते ऐकून न करणारा माणूस आरशात तोंड पाहून लगेच विसरणाऱ्यासारखा म्हटला आहे. आपला आरसा बहुधा सोमवारी सकाळी फुटतो. म्हणून काम छोटे ठेवा आणि त्याला माणूस व वार जोडा. 'प्रेमाने वागेन' हे काम नाही. 'सोमवारी संध्याकाळी काकांच्या घरी जाईन, धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) जे बोललो त्याची माफी मागेन' हे काम आहे. नहेम्याच्या त्याच अध्यायात ऐकून रडणाऱ्या लोकांना सांगितले गेले की जा, खा-प्या आणि ज्यांच्याकडे काही नाही त्यांना वाटे पाठवा. त्याच दिवशी ताटे गेली.

बुधवारी रात्री वही उघडा. काम झाले असेल तर त्यापुढे बरोबरची खूण करा. नसेल तर पुढच्या रविवारच्या पानावर तेच काम पुन्हा उतरवा, नवीन घेऊ नका. माझ्या वहीत धुऱ्याचे काम सलग पाच रविवार उतरले आहे.

ज्या रविवारी पास्टर येत नाहीत आणि एखादा वडीलच भक्ती चालवतो, त्या दिवशीही हाच क्रम. वडिलांना उपदेश करता येत नसेल तर त्यांनी भाग दोनदा सावकाश वाचावा, मधे दोन मिनिटे शांत बसावे, आणि लोकांनी बोटे धरावीत.